अध्यक्ष उभे राहिले की बसायचं

आमचे हे आमदार झाले आणि घरात पेढ्यांच्या मागोमाग एक पुस्तिका आली. सभागृहात कसं वागायचं, त्याच्या नियमांची. हे चौथी शिकलेले, मी सातवी पास होऊन पुसदच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण. म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. मला वाटलं, वाचायला काय लागतं, दोन दिवसांत उरकेल. कसलं उरकतंय. नागपूरचं अधिवेशन तोंडावर आलं तरी आमची उजळणी चालूच.

बाकीचे नियम त्यांना पटापट आले. आत येताना, बाहेर जाताना अध्यक्षांच्या खुर्चीकडे मान लववायची. बोलणाऱ्याच्या आणि अध्यक्षांच्या मधून जायचं नाही. कुणाला काही सुनवायचं असलं तरी 'अध्यक्ष महाराज' म्हणून अध्यक्षांनाच सांगायचं. अध्यक्ष सभागृहात येतात तेव्हा सगळ्यांनी उभं राहायचं. ते तर शिकवावंच लागलं नाही.

घोडं अडलं पुढच्या नियमावर. काम चालू असताना अध्यक्ष आपल्या जागी उभे राहिले, की बोलणाऱ्यानं तिथंच थांबायचं आणि खाली बसायचं.

"ते उभे राहतीन अन् मी बसू?" यांनी विचारलं. "कायले?"

"कायले म्हणजे? तसं लिवलं हाय."

"पुन्हा वाच बरं."

मी तीनदा वाचलं.

घरात खुर्ची नव्हती. शेजारी एक मुसलमान शिंपी राहायचे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्या दुकानातली खुर्ची मी शाळेआधी अर्धा तास मागून आणायची आणि अध्यक्ष होऊन तिच्यात बसायची. हे समोर उभे राहून भाषण करायचे. उमरखेडकडच्या त्यांच्या गावात वस्ती आणि गाव यांच्यामध्ये नाला आहे. पावसाळ्यात चार-चार दिवस पूर उतरत नाही, पोरांची शाळा बुडते, अडलेली बाई अलीकडेच राहते, म्हणून नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका पूल, बांधून द्या. भाषण झकास व्हायचं. मग मी खुर्चीतून उठायची. आणि हे दोन पावलं मागे सरून, मान खाली घालून, हात जोडून उभे. बसायचं नाव नाही.

"खाली बसा ना."

"बसतो, बसतो." पुन्हा तेच.

तिसऱ्या आठवड्यात माझं डोकं फिरलं. अध्यक्ष उभे असताना जो उभा राहील त्यानं त्यांचा अवमान केला असं धरतात, बाहेरसुद्धा काढतात. नव्या माणसाला बोलायला पाच मिनिटं मिळणार, तीही अख्ख्या अधिवेशनात एकदा. ती अशी गेली तर गावाला तोंड काय दाखवायचं? शिवाय लोक म्हणणार, घ्या, यांना निवडून दिलं, यांना उठबस कळत नाही. हे शेवटचंच मला जास्त झोंबत होतं, खरं सांगते. मी फटकन बोलले, "एवढं होत नाही तुमच्यानं? पह्यलीतल्या पोरीले सांगितलं असतं तं बसली असती."

यांनी पुस्तिका माझ्या हातून घेतली, उगाच चाळली.

"माह्या बापाले ताप होता," ते म्हणाले. "ओट्यावर बसला होता. गावचा पाटील समोरून गेला, बाप उठला नाही. पाटलानं गडी धाडून त्याले चावडीसमोर दिवसभर उभं केलं. मी सात वर्षांचा होतो. मीबी बापाच्या बाजूले उभा होतो. तवापासून मोठा माणूस उभा राह्यला का माह्ये पाय सरळ होतात. मी नाही करत ते, आपसूकच होते."

माझा राग कुठल्या कुठे गेला, पण काळजी दुप्पट झाली. आळस असता तर ओरडून निघाला असता. हे कशानं निघणार? छप्पन साली आम्ही धम्म घेतला तेव्हा घरातले देव त्याच नाल्यात सोडले, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, सगळं एका दिवसात. पाय मात्र जुनेच राहिले होते.

चाचा खुर्ची न्यायला दारात आले होते. त्यांनी सगळं ऐकलं. "बेटी," ते मला म्हणाले, "साहेबांचा कोट मीच शिवून राह्यलो ना. खिसा मजबूत करतो. त्यात तुमच्या नाल्यातला एक गोटा टाक. अध्यक्ष उठले का यांनी गोटा धरायचा अन् त्याच्या वजनानं खाली बसायचं."

मी हसले. पण रविवारी एस.टी.नं गावी जाऊन मुठीत मावेल असा गोटा घेऊन आले. आठ दिवसांत दहातल्या सात वेळा जमू लागलं. उरलेल्या तीन वेळांचं काय, ते कुणाला विचारणार?

नागपूरला मी प्रेक्षकांच्या गॅलरीत बसले. तिथंही नियम होतेच: टाळी नाही, बोलणं नाही, उठणं नाही. दुपारी यांना बोलायला पुकारलं तशी मी बाकावर पुढे सरकले. सुरुवातीला यांचा आवाज कापत होता, मग ठीक झाला. रपट्यापर्यंत आले आणि समोरच्या बाकांवर कसलीशी गडबड उठली, दोघंतिघं एकदम बोलू लागले. अध्यक्ष उभे राहिले.

सगळे बसले. हे उभेच. यांचे दोन्ही हात जोडायला वर निघालेले मी पाहिले. मनातल्या मनात म्हणत होते, गोटा धरा, अहो, गोटा धरा. हात अर्ध्यावर थांबले. एक खाली आला, खिशात गेला. आणि हे बसले. चांगले पाठ टेकून बसले.

"बाई, खाली बसा," माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं. "किती वेळा सांगायचं?"

गॅलरीतला शिपाई होता. मी आजूबाजूला पाहिलं. अख्ख्या गॅलरीत मी एकटी उभी होते, डोक्यावर पदर ओढून, हात जोडून.

अध्यक्षांनी गडबड करणाऱ्यांना समज दिली आणि यांना भाषण पुढे चालू करायला सांगितलं. यांनी ते पुरं केलं. रपट्याला पुढे तीन पावसाळे गेले, पण झाला.

संध्याकाळी हे बाहेर पायऱ्यांवर भेटले. मला वाटलं, खुशीत असतील. पण त्यांनी दुसरंच काढलं.

"बसल्यावर वर पाह्यलं मी," ते म्हणाले. "तू काहून उभी होती?"

त्यांनी खिशातून गोटा काढला, माझ्या हातावर ठेवला आणि वरून माझी बोटं मिटली.

"ठेव तुह्याजवळ," ते म्हणाले. "माह्यं काम झालं."