न नासणारा स्नो

अकोल्याच्या स्नोवाल्यानं मला फसवलं. मी त्याला फसवलं नाही. मी घासाघीस केली, आवाज चढवला, एकदा त्याच्या गल्ल्यावर हातही आपटला. पण माझं जे काय होतं ते उघड होतं. त्याचं नव्हतं.

आम्ही मणियार. नवरा गेला तेव्हा पदरात दोन लेकी होत्या आणि डोक्यावर बांगड्यांची टोपली. अमरावतीच्या गल्ल्या पालथ्या घालून मी धंदा उभा केला. बाकीच्या मणियारणी पाण्याचा नाहीतर साबणाचा हात लावून बांगडी चढवत. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी शहरातल्या बायकांना तोंडाला लावायच्या स्नोचं, म्हणजे पांढऱ्या क्रीमचं, वेड लागलं आणि मला युक्ती सुचली. बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, बोटभर स्नो चोळायचा आणि अंगठ्याखालचा मांसल भाग दाबत बांगडी वर सरकवायची. बाईला दुखत नसे, आणि हाताला दिवसभर गुलाबाचा वास राही. बघता बघता वकील, डॉक्टर, मास्तर यांच्या घरांतून मलाच बोलावणं येऊ लागलं.

हा स्नो अकोल्याहून यायचा. तिथला एक कटलरीवाला दुकानामागच्या खोलीत तो शिजवून पांढऱ्या बरण्यांत भरायचा. मी त्याला शेठ म्हणे, तो मला भाभी. वैशाखात त्याचा स्नो हमखास नासायचा. पाणी सुटायचं, बुरशी धरायची, आंबूस वास यायचा. एका वर्षी मी पिशवीभर बरण्या एस.टी.तून परत नेल्या आणि त्याच्या गिऱ्हाइकांसमोर उघडल्या.

"हे पाह्य, शेठ. हे तोंडाले लावाचं का कढीत टाकाचं?"

"हळू बोला ना, भाभी. अकोल्याचं ऊन हाय. लोखंड वितळते इथं."

"मंग लोखंड विक. यापुढं नासला त सारा माल वापस. नाई त तुह्या दुकानाची पायरी चढत नाई मी."

"बरं बापा. आता नासणारच नाई असा देतो."

आणि खरंच नासेना. दिवाळीत उघडलेली बरणी पुढच्या उन्हाळ्यातही ताजी. फक्त गुलाबाच्या वासाखाली काहीतरी नाकाला झोंबायचं. मी विचारलं, तर म्हणाला, "नवं अत्तर हाय, भाभी. बाकी काईच नाई त्यात."

त्यानंतर कधीतरी माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटू लागली. मग पाण्याचे फोड आले, कातडी चिरली, लस वाहू लागली, काळे डाग पडले. मला वाटलं ऊन बाधलं. हळद लावली, कडुलिंबाच्या पाण्यात हात बुडवले. चिरा दिसू नयेत म्हणून कामावर जाताना वरून तोच स्नो आणखी चोळला. संशय यावा कसा? ज्या बायकांच्या हातांना तो लावत होते, त्यांचे हात स्वच्छ होते. त्यांना तो सणावाराला लागायचा. माझे हात रोज त्यातच असायचे.

अशात एका वकिलीणबाईंच्या मुलीचं लग्न निघालं. त्या मुलीच्या बाळमुठींत पहिल्या काळ्या बांगड्या मीच घातल्या होत्या. मोठी झाल्यावर माझी आरोळी ऐकली की ती फाटकापर्यंत धावत यायची आणि टोपली उतरवायच्या आधीच हात पुढे करायची. लग्नाचा चुडा मणियारबाईच भरणार, हे तिनं सातवी-आठवीतच ठरवून टाकलं होतं.

चुड्याच्या दिवशी मी अंगणात बसले. वकिलीणबाई बाहेर आल्या, पण जवळ आल्या नाहीत.

"मणियारबाई, बांगड्या तिथंच ठेवा. भरायले दुसरी येऊन राहिली."

"काहून वो बाई? माह्या हातांले काय काटे हायेत?"

"काटे असते त चाललं असतं."

मागून त्यांची कोणी जाऊ बोलली, "सांगून टाका ना तिले. महारोग हाय म्हणा. लग्नघरात लपवाछपवी कायले?"

माझं डोकं फिरलं. मी ओरडत उठले. हातात सुतळीत ओवलेला हिरव्या बांगड्यांचा जुडगा होता. बोटं सुजलेली, चिरलेली, वर स्नो थापलेला. जुडगा निसटला आणि फरशीवर पडला.

आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं तोंडातून काढत नाहीत, वाढली म्हणतात. त्या दिवशी कोणी तेही म्हटलं नाही. अख्खा चुडा लग्नघराच्या फरशीवर चुरा होऊन पडला होता. मी ओरडत होते, म्हणून सगळे धरून चालले की मी तो फेकला. हळदीच्या साडीत ती मुलगी दारात उभी होती. तिनंही तेच धरलं. चुडा भरून झाला की नवरी बांगड्या भरणारीला वाकून नमस्कार करते. त्या नमस्कारासाठी मी नवं लुगडं नेसून गेले होते. ती आत निघून गेली. लग्न होऊन ती जबलपूरला गेली. त्यानंतर तिचं तोंड मला दिसलं नाही.

मग एकेक दार बंद झालं. काम नाही म्हणून स्नो नाही, आणि स्नो नाही तर हात आपोआप सुधारू लागले. तेव्हा मला शंका आली आणि मी सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून सुई टोचली. मी प्रत्येक टोचणीला किंचाळले.

"महारोगात कातडी बधिर होते. एवढं ओरडता, म्हणजे महारोग नाही," ते हसून म्हणाले.

त्यांनी स्नो कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावायला सांगितला. दोन दिवसांत तिथं लालभडक चट्टा उठला. "याला ॲलर्जी म्हणतात. नासू नये म्हणून यात काहीतरी घातलंय, ते तुमच्या कातडीला सोसत नाही. यापुढेही सोसणार नाही."

मी थेट अकोला गाठलं. शेठ आधी हसला, मग दुकानाच्या आत घेऊन गेला.

"कॉलेजात बाटलीतल्या पाण्यात मेला बेंडूक ठेवतेत ना, भाभी, सडू नये म्हणून? त्या पाण्याचे चार थेंब. साऱ्या गावानं लावला. कोनाले काई झालं नाई."

"साऱ्या गावाचे हात दिवसभर बरणीत व्हते का?"

"तुमीच त म्हटलं, नासू देऊ नको."

म्हटलं होतं. पण त्यात काय आहे हेही विचारलं होतं, आणि हा काईच नाई म्हणाला होता. खरं सांगितलं असतं तर मी शिव्या देत नासका स्नो घेतला असता, नाहीतर पुन्हा पाण्यावर आले असते. ते ठरवणं माझ्या हातात राहिलं असतं.

तेव्हापासून घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी कोपराला लावून बघते. डोक्याचं तेल, कपड्यांची पावडर, फिनेल, डब्यांना कागद चिकटवायची विकतची खळ, यातलं कशानं हात पेटेल सांगता येत नाही. दुकानदाराला मी एकच विचारते, "हे किती दिवसांत नासते?" कधीच नाही, असं जो छाती फुगवून सांगतो त्याचा माल तिथंच ठेवते. घाण्यावरचं तेल थोडं थोडं आणते. अंगाला बेसन, केसांना रिठा, भांड्यांना राख. लेकी हसतात.

हात आता स्वच्छ आहेत. ते दाखवायला मी वकिलीणबाईंकडे गेले होते. त्यांनी ओसरीत बसवलं, चहा दिला, आणि म्हणाल्या, "हात बरे झाले, चांगलं झालं. पण त्या बांगड्या तुमी फेकल्या, मणियारबाई. त्याले कोनतं औषध?"

माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नाही. त्या दिवशीचा माझा आवाज त्यांनी ऐकलेला आहे.

शेठचं आता दोन मजली दुकान आहे. मला त्याचा पैसा नको. त्यानं त्या अंगणात उभं राहून वकिलीणबाईंना सांगावं, की हे हात माझ्या स्नोनं नासले आणि चुडा त्या हातांतून निसटला. मुलीचा पत्ता मागून तिलाही कळवावं. मी कितीदा निरोप धाडले. तो म्हणतो, जुन्या गोष्टी कायले उकरता, भाभी.

शेठ, तू अजून आहेस, मीही आहे, वकिलीणबाईही आहेत. अकोल्याहून अमरावती काही लांब नाही. ये, आणि त्यांच्यासमोर जबाब दे.