नारिंगी दिवा

नव्वदच्या दशकात मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत, लॅबमध्ये होतो. घर पेणला. वडखळच्या अलीकडेच एसटीत माझा डोळा लागायचा आणि रोहा आलं की कंडक्टर हलवून उठवायचा. माणसं कमी, शिफ्टा जास्त. शीण अंगात असा मुरला होता की रविवारीसुद्धा उतरत नसे.

त्यात साहेबांनी एक प्रयोग माझ्या गळ्यात मारला. काचेच्या नळीच्या टोकाला एका खास रंगाचा पातळ थर लावायचा आणि त्यावर निळा उजेड टाकायचा. प्राणवायू असेल तिथे तो थर मंद दिसे. नसेल तिथे नारिंगी झळके. टाकीत माणूस उतरवण्याआधी हे कामाला येतं का, एवढंच बघायचं होतं. उतरायची परवानगी प्राणवायू मोजायच्या नेहमीच्या मीटरवरच मिळायची. कुरकुर केली खरी, पण तो नारिंगी उजेड मला फार आवडायचा. अख्ख्या कंपनीत माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

टाक्या साफ करायला पेणच्या खाडीकडचा एक माणूस यायचा. मिठागर सुटल्यावर ठेकेदाराकडे लागलेला, वयाने मोठा, म्हणून मी त्याला मामा म्हणायचो. गावची विहीर उपसताना हाच आधी दोरीने कंदील आत सोडायचा. जळत राहिला तर उतरायचं, विझला तर नाही. हे त्यानेच मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं.

त्या सकाळी मी लागोपाठ दुसरी शिफ्ट ओढत होतो. नायट्रोजन भरलेल्या टाकीत नळी सोडली होती, ती छान झळकत होती. मीटर यायचा होता. मामाने कमरेला दोर बांधत विचारलं, "सायेब, दिवा पेटलाय नं?"

"हो हो, चांगला पेटलाय," मी वहीतून मान वर न काढता म्हणालो.

तो उतरला. चौथ्या पायरीवर त्याचे हात सुटले. दोर होता म्हणून आम्ही तिघांनी त्याला वर ओढलं. ओठ काळेनिळे पडले होते. त्याने डोळे उघडले तेव्हा मी सगळ्यांदेखत रडलो.

चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, कामगार परवानगीशिवाय उतरला. खोटं काहीच नव्हतं. मी मुकाट सही केली आणि मामाचं काम गेलं.

उन्हाळ्यात तो घरी आला, पिशवीभर मीठ घेऊन. बायकोने चहा दिला.

"गावची हीर उपसायची हाय," तो म्हणाला. "औंदा धाकटा भाव उतरनार. तुमचा दिवा द्या दोन दिस. त्यो पेटलेला म्हनून तर मी वाचलो."

आता गप्प बसण्याची सोय नव्हती. "मामा, तो दिवा उलटा आहे. आत हवा नसली की तो पेटतो."

बशी त्याच्या हातात तशीच राहिली. "मंग मी इचारलं तवा हो कशाला म्हनलात?"

"दमलो होतो," मी म्हणालो. दुसरं काही खरं नव्हतं.

"मी बी दमलेलो व्हतो, सायेब. तरी इचारलं."

चहा अर्धा टाकून तो उठला. मीठ मात्र ओट्यावरच ठेवून गेला.