उजवीकडची शिलाई

एम.ए.ला फारसी घेतल्यावर आजच्या तेहरानवरच्या एका फारसी पुस्तकाच्या झेरॉक्स मी बेलवलीत बांधून घेतल्या. दुकानदाराने त्या डावीकडे शिवल्या, त्यामुळे उजवीकडून वाचायचं ते पुस्तक शेवटाकडून उघडू लागलं. म्हणून उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेलो. तिथल्या म्हाताऱ्या सिंधी बाइंडरकाकांनी काही न विचारता शिलाई उसवली, उजवीकडे घातली आणि मी अडखळायचो ती ओळ घडाघडा वाचली.

"समजलं, काका?"

"एक लफ्ज नाही. लिपी आमच्या सिंधीवाली आहे. घरात आता कोणी वाचत नाही. मी वाचतो, तू मतलब सांग."

मग दर शनिवारी जात राहिलो. तेहरानमधली घरभाडी, लग्नं, भांडणं त्यांनी वाचली, मी समजावून सांगितली.

तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, "तुझ्या फारसीला हा सिंधी हेल कुठून आला?"

तो मी अजून घालवलेला नाही.