चाप कमी होता

एका शब्दाचा मी चुकीचा अर्थ लावला आणि त्यामुळे एक निरपराध माणूस तुरुंगातून वाचला. निवृत्तीनंतरही ते प्रकरण माझ्या मनातून गेलेलं नाही.

कोलकात्यात तेव्हा मी पोलीस उपायुक्त होतो. केडर बंगालचं, पण मधली बरीच वर्षं दिल्लीत प्रतिनियुक्तीवर गेलेली, त्यामुळे माझं बंगाली यथातथाच. बालीगंजच्या बाजारात मी भाव विचारू लागलो की आमची ही चार पावलं लांब जाऊन उभी राहायची.

एस्प्लनेडजवळच्या एका सराफी दुकानात भरदुपारी दोघे पिस्तुलं घेऊन शिरले. दारावर बराकपूरहून रोज येणारा एक निवृत्त जवान रखवालदार होता. रायफल त्याच्याच परवान्याची, बोल्टची, म्हणजे दर बाराआधी हातानं खटका मागेपुढे करावा लागणारी. त्यानं नेम धरला, पण बार उडालाच नाही आणि चोरटे दागिने घेऊन पसार झाले. संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला की रखवालदारच फितूर आहे. न उडालेलं काडतूस पुरावा म्हणून ठेवून रायफलीतली उरलेली काडतुसं दुसऱ्या रायफलीतून झाडून पाहिली, तर सगळी उडाली. झालं! यानं चाप ओढलाच नाही असं धरून फौजदारांनी त्याला अटक केली.

मी चौकशीला बसलो तेव्हा तो एवढंच घोकत होता, "ट्रिगार टिपेछि, सार." ट्रिगर मी दाबला होता. मग म्हणाला, "क'दिन धरे चाप कम छिलो."

फौजदारांनी जबाबात लिहिलं होतं, की गेले काही दिवस कामाचा ताण कमी होता. म्हणजे गडी सुस्तावला! माझ्या मराठी कानाला मात्र चाप म्हणजे बंदुकीचाच चाप. मी हिंदीत विचारलं, "चाप सैल झाला होता, तर दुरुस्त का नाही केलास?"

फौजदार तोंडावर हात धरून हसले. "सार, बंगालीत चाप माने प्रेशार."

रखवालदार हसला नाही. त्यानं हवेतच बोल्ट पुढे ढकलून दाखवला. "हाँ सार, बोल्ट का ही प्रेशर. हाथ को लगता ही नहीं था. मैनेजर बाबू को बोला भी था."

माझा अर्थ चुकला होता, पण मी बंदुकीपर्यंत पोचलो होतो. पंचांसमक्ष मुद्देमालाचं सील उघडून शस्त्रतज्ज्ञाकडून बोल्ट खोलवला. असा बोल्ट बंद करताना आतली स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की तीच स्प्रिंग पिनेला काडतुसाच्या बुडावर आदळते. न उडालेल्या काडतुसावर पिनेची खूण होती, पण अगदी पुसट. म्हणजे त्यानं चाप ओढला होता. पिन शाबूत होती, झिजलेली नव्हती. स्प्रिंग आमच्या शस्त्रागारातल्या नव्या स्प्रिंगशेजारी ठेवली, तर चांगलीच आखूड. जुनी स्प्रिंग थकते हे खरं, पण तिचं टोक ताजं कापल्यासारखं चकाकत नाही. हे चकाकत होतं.

रायफल रात्री दुकानाच्या कपाटात राहायची आणि किल्ली मॅनेजरकडे. "बंदुकीला मी जन्मात हात लावलेला नाही," असं त्यानं आधीच ठासून सांगितलेलं. त्याला बोलावलं. टेबलावर आमच्या शस्त्रागारातली, त्याच बनावटीची रिकामी रायफल ठेवली होती. ती कुठली, हे मी सांगितलं नाही.

"एवढा बोल्ट बंद करा बरं," मी म्हणालो.

त्यानं सराईतासारखा, हलक्या हातानं ढकलला. बोल्ट मध्येच अडला.

"एतो शक्त केनो?" त्याच्या तोंडून निघून गेलं. इतका घट्ट कसा!

"कशापेक्षा?" मी विचारलं.

त्यानं बोल्टवरचा हात झटक्यात काढून घेतला. मग सगळं बाहेर आलं. कॉलेजात नेमबाजी केलेली, स्प्रिंग त्यानंच कापलेली, चोरटे त्यानंच पाठवलेले, फोनही त्याचाच. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, पण त्याच्या मेव्हण्याच्या घरून दागिने काढून दिल्यावर आणखी काय हवं? तक्रार घेऊन भरवशानं आलेल्या माणसालाच त्यानं बळी द्यायला काढलं, याचा मला आजही संताप येतो.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. माणूस शब्द बोलतो तेव्हा त्याचे हात काय करतात तेही पाहावं. जबाबात हात लिहून घेता येत नाहीत.

कोर्टानं रायफल परत केली, तेव्हा रखवालदार ती घेऊन थेट माझ्याकडे आला. बराकपुरात लोक अजून तोंडावर विचारत, तेव्हा का नाही चालली? आमच्या शस्त्रागारातल्या आर्मोररनं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्यानं, नवी स्प्रिंग बसवली आणि आम्ही त्याला सराव-मैदानावर नेलं. त्यानं बोल्ट बंद केला, क्षणभर हात तसाच ठेवला. "चाप आछे, सार."

फौजदार सवयीनं माझ्याकडे वळले. "सार, चाप माने—"

"कळलं," मी म्हणालो.

बार उडाला. त्यानं रायफल खाली केली आणि बाहीनं डोळे पुसले.

"उस दिन भी ऐसे ही दबाया था, सार."