बाहुलीघराच्या खिडकीचे गज

रविवार, १९ जानेवारी २०२५, सकाळी साडेसात. नातीच्या बाहुलीघराची मागची खिडकी रंगवायला घेतली, तर आदल्या दिवशी बसवलेले तिचे गज उपटलेले होते. चौकटीत नवी, वेडीवाकडी भोके होती. कर्कटकाने टोचलेली.

हे बाहुलीघर म्हणजे पिंपळवंडीतले आमचेच घर; फुटाला एक इंच या मापाने मी केलेले. गज सायकलच्या आऱ्यांचे. शेजारचा ऊस तुटल्यापासून बिबट्या अंगणापर्यंत येत होता, आणि आठ वर्षांची ही मुलगी मागच्या खोलीत झोपेना. अशीच घाबरत राहिली तर नारायणगावात खोली घेऊ, असे मुलाने सांगितले होते. भक्कम गजांचे घर तिने हाताळावे, धीर यावा, एवढाच माझा हेतू होता.

संशय सुनेवर गेला. गाव सोडायची घाई तिलाच होती.

ती खोरे घेऊन निघाली होती. मी अडवले. "खिडकीला हात कोणी लावला?"

"मला इचारताय व्हय? लाईट आलीय, गव्हाला पाणी द्यायचंय. तुमच्या भावलीचं घर मोडायला येळ कुणाला हाय?"

"नारायणगावाची घाई कोणाला आहे?"

"मला हाय, न्हाई कुठं म्हणते? पन त्यासाठी आऱ्या कशाला उपटू, आबा? तोंडानं सांगंन की."

उत्तर सरळ होते. मला ते जास्तच सरळ वाटले. ती गेल्यावर मी तिच्या शिवणाच्या डब्यात आऱ्या शोधल्या. सापडल्या नाहीत.

त्या नातीच्या मुठीत होत्या. दुसऱ्या हातात मातीचा बिबट्या.

"आबा, मीच काढल्या. जवळजवळ लावत होते, पण पुरल्या नाहीत."

"कशाला?"

तिने माझ्या जुन्या दोन भोकांत आऱ्या उभ्या केल्या आणि बिबट्याचा पंजा मधून आत घातला. पंजा खिडकीखालच्या खाटेवरच्या बाहुलीपर्यंत पोचला.

"डोकं नाही जात. हात जातो. माझी खाट इथंच आहे ना?"

तिचा बिबट्या घराच्या मापापेक्षा मोठा झाला असणार, असे मला वाटले. पट्टी लावली. पंजा मोठा नव्हता. मग मागच्या खोलीत जाऊन खऱ्या गजांमधून माझाच हात बाहेर घातला. कोपरापर्यंत विनासायास गेला. माझे माप अचूक होते. त्यातली फट मला दिसली नव्हती.

दुपारी वेल्डमेश जाळी आणून खिडकीला बाहेरून ठोकली. सून पाणी देऊन परतली, तिने शिडी धरली. नातीने बाहेरून हात घालून पाहिला. बोटेच तेवढी शिरली.

"आज झोपून बघते," ती म्हणाली. "उद्याचं उद्या."

मी जाळीच्या सुटलेल्या टोकांवरून कानस फिरवली आणि शिडी गोठ्यात नेऊन ठेवली.