साळिंदर आलंच नाही

रविवारची दुपार होती. राहुरी स्टँडसमोरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती... नव्वदचं दशक संपत आलेलं, आम्ही दहावीत होतो. त्या दिवशी मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

त्या दुकानात आम्ही जो गेम खेळायचो, तो ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन वेगवेगळ्या गेममधले फायटर एकाच गेममध्ये आणून भिडवलेले. शिवाय प्रत्येकाने सुरुवातीला एक प्राणी निवडायचा. अडचणीत आलात की बटण दाबायचं, प्राणी धावत येणार, एक दणका देणार आणि गायब... एका राउंडमध्ये फक्त तीनदा.

या प्राण्यांची इंग्रजी नावं आम्हाला धड वाचता यायची नाहीत, म्हणून आम्हीच त्यांचं बारसं केलेलं. घार वरून आग टाकायची. कासव जमिनीवरून गरगर फिरत यायचं आणि समोरच्याला पायातून उलथवायचं. साळिंदर मात्र कुणी घ्यायचं नाही, कारण ते लई सुस्त! बोलावल्यावर रमतगमत यायचं... पण आलं की काटे सरळ वर फेकायचं, आणि उडी मारलेला माणूस हवेतच संपायचा.

साळिंदर घ्यायचा फक्त माझ्या वर्गातला मिलिंद. समोरचा उडी मारणार हे त्याला आधीच कळायचं, कसं ते तोच जाणे. त्याचे दोन्ही हात स्टिकवर आणि पंच-किकवर गुंतलेले, आणि प्राण्याचं बटण पार कोपऱ्यात. म्हणून आमची जोडी. तो नुसतं "हं" म्हणायचा, मी बटण दाबायचो. दोघांत एक टोकन... आमच्या दुकानात ते चालायचं.

वर्गात मिलिंद शेवटच्या बाकावर गप्प बसून असायचा. दुकानात शिरला की मात्र पोरं सरकून त्याला जागा द्यायची. खरं सांगतो, अख्ख्या राहुरीत त्याला मान मिळायचा अशी ती एकच जागा होती.

हेच भैय्याला खुपायचं. भैय्या म्हणजे एका बड्या बागायतदाराचा मुलगा, कॉलेजात जाणारा. बौद्ध वस्तीतला पोरगा आपल्याला सगळ्यांसमोर हरवतो हे त्याला सहन होत नव्हतं, आणि तो ते लपवायचाही नाही. शेवटी त्यानेच पैज लावली... हरणाऱ्याने दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही. मिलिंद हसत "चालंल की" म्हणाला.

मॅचच्या आधी भैय्याने मला बाहेर रसवंतीपाशी नेलं. खांद्यावर हात टाकला, अगदी प्रेमाने. "तुझा बाप आमचा ट्रॅक्टर चालवतो ना? मग चालवू दे की त्याला. तू फक्त शेवटच्या राउंडला बटणावर बोट ठेव... दाबू नको."

एवढंच बोलला. वडील त्यांच्या ट्रॅक्टरवर कारखान्याला ऊस न्यायचे, आमचं घर त्यावरच चालायचं. नाही म्हणायचं होतं, पण मी मुकाट आत जाऊन मिलिंदशेजारी उभा राहिलो.

पहिला राउंड मिलिंदने घेतला, दुसरा भैय्याने. तिसऱ्यात दोघांचीही पॉवर संपत आलेली, पोरांनी ओरडून दुकान डोक्यावर घेतलेलं. आमचं एक साळिंदर शिल्लक होतं. भैय्याचा फायटर एक पाऊल मागे सरकला...

"हं," मिलिंद म्हणाला.

माझं बोट बटणावरच होतं. मी दाबलं नाही.

"हं! अरे, हं की!" तोवर भैय्याचा फायटर वरून आलासुद्धा. एक लाथ बसली आणि आमचा आडवा झाला.

मला वाटलं, मिलिंद आता माझी गचांडी धरणार. धरली असती तर फार बरं झालं असतं हो! पण तो दुकानवाल्या अण्णांकडे वळला. "अण्णा, बटण अडकतंय. मॅच परत घ्या."

अण्णांनी येऊन बटण चार-पाच वेळा दाबून पाहिलं. "चांगलं हाय की रे. कुठं अडकतंय?"

"न्हाई अण्णा, ह्यानं दाबलं हुतं. मी पाह्यलं ना!"

त्याने काय पाहिलं होतं? खेळताना त्याची नजर स्क्रीनवरून कधी हलायची नाही. अण्णांनी मला विचारलं, "काय रे, दाबलं हुतं का?" त्यांच्या मागे भैय्या उभा होता. मी खाली मान घालून माझे अनवाणी पाय बघत राहिलो...

"हारला की बटण अडकतं व्हय रे?" भैय्या म्हणाला, आणि सगळं दुकान मिलिंदला हसलं. कालपर्यंत त्याला जागा देणारी पोरंसुद्धा खदाखदा हसली. मिलिंदने पायरीवरच्या चपला घातल्या आणि तो निघून गेला.

पैज त्याने पाळली. पुढे एका रविवारी तो मला स्टँडच्या बाकावर बसलेला दिसला, एकटाच, तोंड दुकानाकडे. गेमचा आवाज तिथपर्यंत यायचा. मी दुसऱ्या गेटने निघून गेलो... शाळेतही त्याने मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. दहावी झाली आणि तो पुण्याला मामाकडे गेला.

वडिलांचं म्हणाल, तर पुढच्याच हंगामात त्या लोकांनी दुसरा ड्रायव्हर ठेवला.

मिलिंद आज माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे. माझ्या पोरीच्या वाढदिवसाच्या फोटोला त्याचा लाइक सगळ्यात आधी येतो, आणि दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तो विषय आम्ही कधी काढला नाही.

मिलिंद, हे तू वाचशीलच. त्या दिवशी सगळ्या दुकानात माझ्या बाजूने बोलणारा तू एकटा होतास, आणि त्यासाठी लोक तुला हसले. बटण चांगलं होतं रे... मी दाबलं नाही.