मारुतीला आगाऊ रोडगा

संकटात सापडलेल्या भक्तासाठी देव मनुष्यरूपाने धावून येतो, यावर माझी श्रद्धा आहे. माझ्यासाठी तो आला तेव्हा धावत नव्हता. ओल्या हिरवळीवर नुसत्या लोकरी मोज्यांनी उभा होता, आणि त्याला तसे बाहेर काढणारा मीच होतो.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात माझे शिक्षण संपत आले होते, म्हणजे खरे तर अडकले होते. विषय आपल्याच काळ्या मातीचा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची बांधकामे तडकवते. प्रबंध बरा होता, पण तोंडी परीक्षेत माझी वाचा बसली. परीक्षक विचारत राहिले आणि मी पाणी पीत राहिलो. विद्यापीठाने नवे परीक्षक नेमून आणखी एक संधी दिली. तीही गेली तर पदवीशिवाय घरी परतायचे होते. दरम्यान खोली रिकामी करायची वेळ जवळ आली, भांडी मी वाटून टाकली. निरोपाचे दिवस हळवे असतात म्हणतात. माझे फक्त रिकामे होते.

बाबा आमच्या गावी, हिवरखेडला, शेती करतात. आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मारुती आहे. नवस पूर्ण झाला की तिथे गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे, म्हणजे जाड्या कणकेचे घट्ट गोळे, आणि वरण-वांग्याच्या भाजीसोबत गावाला जेवू घालायचे, अशी रीत. देवाशी असला सौदा मला कधीच पटला नाही, आणि हे मी बाबांना दर सुट्टीत समजावून सांगत असे. ते ऐकून घेत आणि नवस बोलत. या खेपेला मात्र त्यांनी फोनवर रीतच उलटी केली.

"काम झाल्यावर तं सारेच देतात," ते म्हणाले. "आपण आधी देऊ. मी इथं भाजतो, तू तिथं एक भाज."

"बाबा, इथं गोवरी कुठून आणू?"

"एवढा शिकून राहिला अन् तुले एक गोवरी भेटत नाही?"

भेटली. भारतीय किराणा दुकानात, अगरबत्त्यांच्या शेजारी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गोवऱ्यांची चवड. 'खाण्यासाठी नाही' असे वर छापले होते. मी ती श्रद्धेने घेतली असे म्हणवत नाही. घाबरलेला माणूस वडिलांचे ऐकतो, एवढेच.

वसतिगृहाच्या मागच्या अंगणात मुलांसाठी मांस भाजायची एक पत्र्याची शेगडी होती. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्यात गोवऱ्या पेटवल्या. आमच्या शेतात धुराला सगळे आभाळ मोकळे असते. तिथे त्याला स्वयंपाकघराची उघडी खिडकी होती. धूर सरून निखाऱ्यांचा आर होईपर्यंत धीर धरायचा असतो, हे लहानपणापासून पाहूनही मी धुमसत्या गोवऱ्यांतच रोडगा लोटला; जाळ दबला आणि धूर खिडकीतून आत शिरला. थोड्याच वेळात आगीची घंटा वाजली आणि सगळी इमारत बाहेर आली. अग्निशामक दलाचा बंब येऊन तपासणी करीपर्यंत कुणालाही आत जायची मुभा नव्हती.

माझ्या शेजारी साठीच्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पाहुण्यांच्या खोलीत उतरलेल्या, पायात फक्त मोजे. त्या रागावल्या नव्हत्या. शेगडीकडे बोट करून त्यांनी विचारले, यात काय आहे. मी म्हणालो, भाकरीसारखे काहीतरी. शेणात? शेणाच्या आरात. कुणासाठी? आता लपवण्यासारखे काही उरलेच नव्हते. मी मारुती सांगितला, बाबा सांगितले, आणि दर उन्हाळ्यात मारुतीचा ओटा तडकतो आणि विहिरीच्या उलट बाजूला कलतो, हेही सांगितले.

"एकाच बाजूला का कलतो?" त्यांनी विचारले.

मी काडी घेतली आणि राखेत आकृती काढली. विहिरीकडची माती कुठवर ओली राहते, दुसरीकडची कशी आक्रसते. त्या विचारत गेल्या, मी बोलत गेलो. मी बोलतो आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आले. मग रोडगा काढून झटकला, फोडला आणि अर्धा त्यांना दिला. त्यांनी तो उभ्यानेच संपवला. चांगला आहे, असे काही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी परीक्षकाच्या खुर्चीत त्याच होत्या, बूट घालून. शिष्टाचाराप्रमाणे आम्ही एकमेकांना आपापली ओळख करून दिली. त्यांचा पहिला प्रश्न होता, ओटा एकाच बाजूला का कलतो. माझ्यासमोरचा पाण्याचा पेला शेवटपर्यंत भरलेला राहिला, आणि मी उत्तीर्ण झालो.

बाहेरगावचे परीक्षक त्याच खोलीत उतरतात, हे मला नंतर कळले. म्हणजे योगायोग फारसा मोठा नव्हता. पण गोवऱ्यांचा मी आर होऊ दिला असता, तर त्या बाई खोलीतच राहिल्या असत्या आणि मी पुन्हा पाणी पीत बसलो असतो. ही जुळवाजुळव मी बरेच दिवस केली, मग सोडून दिली. आपली अक्कल जिथे संपली तिथून पुढचे कुणीतरी सांभाळले. ते कोण, हे ठरवायची घाई आता नाही. हात मात्र आपोआप जोडले जातात.

बाबांना सगळे सांगितले. त्यांनी पदवीबद्दल काही विचारले नाही. रोडगा नीट भाजला होता का, एवढेच विचारले. मी म्हणालो, आतून कच्चा होता.

"कच्चा व्हता तरी खाल्ला तिनं?" ते म्हणाले. "मंग मारुतीच व्हता तो."

मी वाद घातला नाही. खोलीची किल्ली परत करायला गेलो त्या दिवशी मागच्या दारावर नवा फलक लागला होता: अंगणात शेण पेटवू नये.